व्हाल्स: गावाने बांधलेले आणि गावानेच विकलेले स्नानगृह

मार्च २०१२ मध्ये स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युंडेन कॅन्टनमधील (म्हणजे प्रांतातील) व्हाल्स या डोंगरी गावाच्या ग्रामसभेने गावाच्या मालकीचे हॉटेल आणि त्याला जोडलेले उष्ण झऱ्याचे स्नानगृह कूर येथील उद्योजक रेमो स्टोफेल यांना विकायचे ठरवले. किंमत ८० लाख फ्रँकपेक्षा थोडी कमी होती. विकली गेलेली वास्तू मात्र साधी नव्हती. स्विस वास्तुविशारद पीटर झुमथोर यांनी रचलेले हे स्नानगृह डिसेंबर १९९६ मध्ये उघडले आणि अवघ्या दोन वर्षांत, १९९८ साली, कॅन्टनने त्याला संरक्षित वारसा वास्तूचा दर्जा दिला. विसाव्या शतकाच्या अखेरच्या वास्तुकलेचा विषय निघाला की या इमारतीचे नाव निघतेच. आपल्याकडच्या वास्तुविद्यालयांतही तिची छायाचित्रे पाहिली नाहीत असा विद्यार्थी विरळा.

हे प्रकरण बहुतेक वेळा एका बाजूला कलावंत आणि दुसऱ्या बाजूला पैसेवाला अशा सरळ लढतीच्या रूपात सांगितले जाते. त्या मांडणीत गाव हे केवळ लढतीचे मैदान ठरते, आणि म्हणूनच ती मला अपुरी वाटते. जेमतेम हजार वस्तीच्या या गावाने गेल्या सातशे वर्षांत बाहेरच्यांशी अनेक करार केले आहेत. कधी जमिनीसाठी, कधी पाण्यासाठी, कधी दगडासाठी आणि शेवटी झऱ्याच्या ऊबेसाठी. यांपैकी मोठे करार मुदतीचे किंवा अटींचे होते. स्नानगृहाचा व्यवहार मात्र कायमच्या विक्रीचा झाला. पुढच्या सगळ्या घडामोडींचे मूळ मला या फरकात दिसते.

वरून आलेली वस्ती

व्हाल्स समुद्रसपाटीपासून १,२५२ मीटर उंचीवर आहे. जवळचे रेल्वे स्थानक इलान्झला, साधारण ७०० मीटर उंचीवर; तिथून टपाल खात्याची पिवळी बस अरुंद घळीतून वळणे घेत वीसेक किलोमीटर वर चढते. घळीच्या अलीकडची गावे रोमान्श या लॅटिनोद्भव भाषेची आहेत. घळ संपून दरी उघडली की लोक जर्मन बोलू लागतात, आणि तीही कूर किंवा झुरिकच्या रस्त्यांवर ऐकू येणारी नव्हे, तर अनेक जुनी वळणे सांभाळून राहिलेली वाल्झर बोली. खालच्या खोऱ्यात एक भाषा आणि तिच्याच वरच्या टोकाला दुसरी, हे कोडे नकाशावर खालून वर पाहिले तर सुटत नाही. वस्ती वरून आली आहे. सन १३०० च्या सुमारास वाल्झर कुटुंबे दक्षिणेकडच्या राइनवाल्ड खोऱ्यातून २,५०४ मीटर उंचीची व्हाल्सरबेर्ग ही खिंड ओलांडून या दरीत उतरली. त्यांचे पूर्वज त्याही आधी ऱ्होन नदीच्या उगमाकडच्या वालिस प्रदेशातून निघाले होते, आणि वालिसवरूनच त्यांना वाल्झर हे नाव पडले. बाराव्या-तेराव्या शतकांत सुरू झालेल्या या स्थलांतरातून स्वित्झर्लंड, उत्तर इटली, लिश्टेनश्टाइन आणि ऑस्ट्रियाचा फोरआर्लबेर्ग प्रांत असा विस्तृत पट्टा वसला आणि त्यात सुमारे दीडशे वाल्झर वस्त्या उभ्या राहिल्या.

इतक्या उंचीवर राहायला कोणी आपणहून येत नाही. त्यासाठी काहीतरी पदरात पडावे लागते. त्या काळच्या सरदारांना खिंडींवर विश्वासाची माणसे हवी होती, गरज पडेल तेव्हा शस्त्र उचलणारे हात हवे होते आणि पडीक उंच कुरणांतून काही उत्पन्न हवे होते. बदल्यात त्यांनी वाल्झरांना वंशपरंपरेने चालणारा जमिनीचा हक्क दिला. खंड ठरावीक राहील, तो मनाला येईल तेव्हा वाढवला जाणार नाही, जमीन मुलांकडे जाईल, माणूस स्वतंत्र राहील आणि गावाला स्वतःचे न्यायालय असेल, असे या कराराचे सर्वसाधारण रूप होते. दावोसच्या वाल्झरांना मिळालेली १२८९ सालची सनद ही याची प्रसिद्ध साक्ष. मराठी वाचकाला यात मिरासीच्या हक्काची छटा दिसेल आणि ते साम्य बऱ्याच अंशी खरेही आहे: मालकी वरच्याची, पण जमीन कसून जे काही वाढवाल ते तुमचे. खंड न वाढण्याची हमी असली की कूळ जमिनीत दगड वेचते, बांध घालते, गोठा बांधते. आल्प्सची वरची कुरणे माणसाच्या राबत्या हाताखाली आली ती मुख्यतः अशा करारांमुळे.

धान्य इथे फारसे पिकत नाही, म्हणून गाव गुरांवर जगले. घरे एकमेकांपासून दूर, प्रत्येकाच्या कुरणाजवळ बांधली गेली. लाइससारख्या वरच्या वाड्या आजही तशाच विखुरलेल्या दिसतात. घराची रचना ठरलेली: खाली दगडी जोते, वर एकमेकांत खाचा पाडून रचलेले लाकडी ओंडके, आणि सगळ्यांच्या माथ्यावर व्हाल्सच्याच खाणीतल्या क्वार्ट्झाइट या कठीण दगडाच्या लाद्या. हे छप्पर जवळून पाहण्यासारखे असते. लाद्या ओबडधोबड फोडलेल्या, कडा सरळ न केलेल्या; खालची लादी वरचीच्या खाली चांगली आत सरकवलेली, म्हणजे पाऊस सांध्यात शिरत नाही. वजन इतके की छपराला उतार कमी ठेवावा लागतो, आणि उतार कमी म्हणूनच हिवाळ्यात बर्फ घसरून न पडता तिथेच साचून राहतो व घराला ऊब देतो. गावाच्या बांधकाम नियमानुसार नव्या घरालाही असेच दगडी छप्पर घालावे लागते. हा नियम परंपरा राखतो, तसाच खाणीला कायमचे गिऱ्हाईकही मिळवून देतो, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही; पोट भरणाऱ्या परंपरा जास्त टिकतात. याच दरीतला दगड बर्नमध्ये संसदेसमोरच्या बुंडेसप्लात्स या चौकातही अंथरलेला आहे.

हिमस्खलन आणि धरण

आजच्या पर्यटन पत्रकांतून न दिसणारी एक तारीख गावाच्या इतिहासात महत्त्वाची आहे. २० जानेवारी १९५१ रोजी, सगळ्या आल्प्सला झोडपणाऱ्या त्या हिवाळ्यात, व्हाल्सवर हिमस्खलन कोसळले आणि १९ माणसे मरण पावली. तरुण माणसे खालच्या शहरांकडे आधीच निघू लागली होती. दुधावर आणि गुरांवर इथून पुढे भागणार नाही, हे सर्वांना दिसत होते.

गावाला पहिला मोठा आधार मिळाला तो विजेचा. दरीच्या वरच्या टोकाला झेरव्हराइला ही जुनी वाल्झर वस्ती होती. १९५३ ते १९५७ या काळात तिथे १५१ मीटर उंचीचे आणि माथ्यावर ५०४ मीटर लांबीचे काँक्रीटचे कमानी धरण उभे राहिले, आणि सुमारे १० कोटी घनमीटर पाण्याच्या साठ्याखाली ती वस्ती गेली. पाणी धरणाच्या पायथ्याशीच न थांबता डोंगरातल्या बोगद्यांमधून शेजारच्या झाफिएन खोऱ्यात आणि तिथून पुढे रोथेनब्रुनेनच्या वीजगृहाकडे जाते.

एक तुलना इथे टाळता येत नाही. खिंडीपलीकडच्या राइनवाल्ड खोऱ्यात, म्हणजे व्हाल्सकरांच्या पूर्वजांच्या गावांत, १९४० च्या दशकात याहून मोठे धरण बांधण्याचा बेत होता आणि त्यात स्प्ल्युगेनसारखे भरवस्तीचे गाव बुडणार होते. तिथल्या वाल्झर गावांनी ठाम नकार दिला आणि प्रकल्प बारगळला. एकाच मुळाच्या, एकाच बोलीच्या दोन खोऱ्यांनी एका दशकाच्या अंतराने उलट उत्तरे दिली. राइनवाल्डमध्ये मुख्य गावे जाणार होती. व्हाल्समध्ये वरची वस्ती गेली आणि मुख्य गाव राहिले, हा फरक मोठा आहे. व्हाल्सचा होकार हा लोभाचा आणि राइनवाल्डचा नकार हा स्वाभिमानाचा, असे म्हणणे सोपे असले तरी न्यायाचे नाही.

धरणाच्या कराराचे स्वरूप मात्र नीट लक्षात घेतले पाहिजे. स्विस कायद्यात वाहत्या पाण्याचा हक्क कंपनीला विकत मिळत नाही. तो ठरावीक मुदतीसाठी वापरायला मिळतो. ही मुदत ८० वर्षांपेक्षा जास्त असू शकत नाही. त्या काळात कंपनी दरवर्षी पाण्याचा आकार भरते, आणि मुदत संपल्यावर धरण, बोगदे, जलवाहिन्या, टर्बाइन असा पाण्याशी संबंध येणारा सगळा भाग मोबदल्याशिवाय संबंधित गावांकडे आणि कॅन्टनकडे परत येतो. विजेची यंत्रे आणि इमारती रास्त किमतीला घेता येतात. गावाने आपली वरची दरी दिली खरी, पण परतीच्या बोलीवर.

झरा

व्हाल्समध्ये साधारण ३० अंश सेल्सिअस तापमानाचे, लोहामुळे तांबूस डाग सोडणारे पाणी जमिनीतून येते. कॅन्टनमधला एकमेव उष्ण झरा म्हणून तो ओळखला जातो. १८९३ मध्ये त्याच्या जोरावर पहिले आरोग्यगृह-हॉटेल निघाले. १९६० च्या दशकात एका जर्मन उद्योजकाने दोन गोष्टी एकदमच हाती घेतल्या: झऱ्याचे पाणी बाटल्यांत भरण्याचा कारखाना आणि काँक्रीटच्या मोठ्या इमारतींचे हॉटेल संकुल. कारखाना चालला. व्हाल्सर हे बाटलीबंद पाणी स्वित्झर्लंडभर पोहोचले, आणि २००२ मध्ये हा व्यवसाय कोका-कोलाने विकत घेतला. हॉटेल मात्र बुडाले.

बुडालेल्या हॉटेलांच्या बाबतीत आल्प्समधल्या गावांना सहसा दोनच मार्ग दिसतात: पुढच्या गुंतवणूकदाराची वाट पाहणे, किंवा खोल्या सुट्टीतली घरे म्हणून एकेक करून विकून टाकणे. १९८३ मध्ये व्हाल्सने तिसरा मार्ग घेतला आणि संकुल स्वतःच विकत घेतले. हजार माणसांचे गाव हॉटेलमालक झाले. या टप्प्याकडे वास्तुकलेचे इतिहासकार एका वाक्यात पाहून पुढे जातात, कारण त्यांना झुमथोरपर्यंत पोहोचायचे असते; माझ्या दृष्टीने प्रकरणातला सर्वांत धाडसी निर्णय हाच होता. शेतकरी, खाणकामगार, कारखान्यातले कामगार आणि शिक्षक अशा लोकांनी सार्वजनिक कर्जाच्या जोखमीवर एक आजारी धंदा अंगावर घेतला. पुढे त्यांना कळून चुकले की जुन्या हॉटेलला नवे रंग देऊन पाहुणे येणार नाहीत. लोकांनी इतक्या दूर चढून यावे असे काहीतरी दरीत असायला हवे.

झुमथोर त्या वेळी आजच्याइतके प्रसिद्ध नव्हते. ते बाझेलचे, सुतारकामाचे शिक्षण घेतलेले, कॅन्टनच्या वारसा विभागात बरीच वर्षे काम केलेले आणि कूरजवळच्या हाल्डेनश्टाइन गावात राहणारे वास्तुविशारद. वास्तुकलेतला सर्वोच्च मानला जाणारा प्रिट्झ्कर पुरस्कार त्यांना पुढे २००९ मध्ये मिळाला. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून आराखडे सुरू झाले. आधी हॉटेलसह मोठा विचार होता, तो परवडेना, मग फक्त स्नानगृह बांधायचे ठरले. बांधकाम १९९३ ते १९९६ असे चालले.

इमारत डोंगराच्या उतारात अर्धी रोवलेली आहे आणि तिच्या छतावर गवत आहे, त्यामुळे वरच्या खोल्यांतून पाहणाऱ्याला कुरणच दिसते. भिंतींना व्हाल्सच्या क्वार्ट्झाइटच्या सुमारे ६०,००० पट्ट्या लागल्या. या पट्ट्या तीन वेगवेगळ्या जाडीच्या आहेत, आणि जाडी अशी ठरवलेली आहे की तिन्ही प्रकारची एकेक पट्टी एकावर एक ठेवली की सांध्यांसह उंची नेमकी १५ सेंटीमीटर भरते. म्हणजे गवंड्याला जाड-पातळ पट्ट्यांचा क्रम हवा तसा बदलता येतो, भिंतीला नियमित पट्ट्यांचा कंटाळवाणा नक्षा येत नाही, आणि तरीही पायरी, उंबरा आणि पाण्याची पातळी यांच्या रेषा कुठेही चुकत नाहीत. दगडाची ही रचना आधी उभारून तिच्या मागे काँक्रीट ओतले गेले; दगड हा नंतर चिकटवलेला मुलामा नाही, भिंत दोघांनी मिळून उभी आहे. छत अनेक सुट्या तुकड्यांचे आहे आणि तुकड्यांमधल्या काही सेंटीमीटरच्या फटींत काच बसवलेली आहे, त्यामुळे काळसर भिंतींवरून उजेडाची बारीक पट्टी खाली उतरते. मधल्या कुंडात पाणी ३२ अंशांचे, एका बंदिस्त खोलीत ४२ अंशांचे, दुसरीत १४ अंशांचे. सरकती घसरगुंडी नाही, संगीताचा मारा नाही. कौटुंबिक जलक्रीडा केंद्रांच्या त्या भरभराटीच्या काळात एका ग्रामसभेने आपल्या खर्चाने असे काही बांधायला मान्यता दिली, याचे आश्चर्य मला अजून वाटते.

गावाला त्याचा फायदा लगेच झाला. पाहुणे बाराही महिने येऊ लागले, हिवाळी स्कीइंगवरची भिस्त कमी झाली. वाल्झर वारशाचा पर्यटनात उपयोग करण्याची नेहमीची रीत म्हणजे जुने घर, त्यात चरखा, लाकडी भांडी आणि पोशाख. टिचिनो कॅन्टनमधल्या बोस्को गुरिन या वाल्झर गावात १९३८ पासून असे संग्रहालय आहे आणि व्हाल्समध्येही गांडाहुस नावाच्या जुन्या घरात ते आहेच. स्नानगृहाने मात्र त्याच खाणीचा दगड, तोच झरा आणि तोच उतार घेऊन वारशाला नवे काम दिले, आणि मालकी गावाची असल्यामुळे त्या कामाचा नफा-तोटाही गावाचाच राहिला.

विक्री

मग ते विकले का? हा प्रश्न बाहेरून विचारणारे लोक बहुधा एक गोष्ट विसरतात: गावाच्या मालकीचे केवळ स्नानगृह नव्हते, हॉटेलही होते, आणि स्नानगृहाची कीर्ती कितीही असली तरी हॉटेल १९६० च्या दशकातलेच होते. खोल्या, नळकाम, इमारतींची ऊर्जाव्यवस्था, सगळे नव्याने करायला हवे होते. हजार माणसांच्या ग्रामपंचायतीने ते करायचे म्हणजे पुन्हा कर्ज घ्यायचे, आणि तेही अशा काळात जेव्हा फ्रँक महाग होत चालला होता व युरोत कमावणारे पाहुणे स्वित्झर्लंडकडे पाठ फिरवत होते. ज्यांनी १९८३ मध्ये हात वर केले होते, त्यांतले बरेच जण आता वयस्क होते. हॉटेल चालवणे हे ग्रामपंचायतीचे काम नव्हे, असे म्हणणारा गट प्रत्येक गावात असतो, आणि त्याचे म्हणणे अगदीच चूक नसते.

दोन प्रस्ताव समोर आले. एक स्टोफेल यांचा, मोठ्या गुंतवणुकीच्या आश्वासनासह. दुसरा झुमथोर यांच्या पुढाकाराने जमलेल्या गटाचा, ज्याचा भर स्नानगृहाचे मूळ स्वरूप राखून संकुल पुढे नेण्यावर होता. गावात सरळ फूट पडली. स्टोफेल यांच्या कुटुंबाची मुळे व्हाल्समधली, आणि झुमथोर गावासाठी कितीही महत्त्वाचे असले तरी बाहेरचे, ही गोष्ट मतांमध्ये किती उतरली हे मोजता येत नाही; पण जिथे प्रत्येक जण प्रत्येकाचे घर ओळखतो, तिथे ती अजिबात उतरली नसेल असे मानणे भोळेपणाचे होईल.

त्याच महिन्यात, ११ मार्च २०१२ रोजी, संपूर्ण देशाने सार्वमतात दुसऱ्या घरांवर मर्यादा घातली: कोणत्याही गावात एकूण घरांपैकी २० टक्क्यांपेक्षा जास्त घरे सुट्टीतली असू नयेत. त्यावरचा सविस्तर कायदा १ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. आल्प्समधली अनेक गावे तोवर भूखंड व सुट्टीतली घरे विकूनच लिफ्ट, जलतरण तलाव आणि रस्ते यांचा खर्च भागवत होती. तो मार्ग बंद होत असताना, हॉटेल ही एकमेव वाढण्याजोगी गोष्ट उरते, आणि हॉटेलाला भांडवल लागते. व्हाल्सचा निर्णय या वातावरणात झाला.

माझा आक्षेप खाजगी भांडवल आणण्याला नाही, ते कोणत्या कागदावर आणले त्याला आहे. स्विस दिवाणी कायद्यात जमिनीची मालकी स्वतःकडे ठेवून तिच्यावर बांधण्याचा व चालवण्याचा स्वतंत्र हक्क जास्तीत जास्त १०० वर्षांसाठी देता येतो. मुदत संपली की ठरलेल्या मोबदल्यावर इमारत जमीनमालकाकडे येते. शहरे आणि गावे हा मार्ग नेहमी वापरतात. गुंतवणूकदाराला आयुष्यभराची निश्चिती मिळते, गावाला वार्षिक खंड मिळतो आणि नातवंडांना पुन्हा बोलायची संधी मिळते. ज्या समाजाचे या दरीतले अस्तित्वच अशा कराराने सुरू झाले आणि ज्याने धरणाच्या वेळी तोच मार्ग घेतला, त्याने आपली सर्वांत मौल्यवान मिळकत कायमची सोडली. मोठी रक्कम हवी असलेला खरेदीदार मुदतीच्या हक्काला कमी भाव देतो हे खरे. पण ८० लाखांच्या आतल्या किमतीत तो फरक फार मोठा राहिला नसता.

मनोरा

संकुलाला आता गावाच्या पिनकोडवरून ७१३२ असे नाव आहे. जुन्या इमारतींतल्या खोल्या झुमथोर यांच्याबरोबरच तादाओ आंदो, केंगो कुमा आणि थॉम मेन या नामवंत वास्तुविशारदांच्या आराखड्यांनी सजल्या. स्नानगृह खुले आहे, दगड जागेवर आहे, वारसा विभागाचे संरक्षण लागू आहे. मात्र वारसा संरक्षण भिंतीचे असते. दाराशी काय दर लावायचा, बाहेरच्या पाहुण्यांना कोणत्या वेळा द्यायच्या, हे गावच्या बैठकीत न ठरता मालकाच्या कार्यालयात ठरते. २०१७ मध्ये झुमथोर यांनी जाहीरपणे खंत मांडली, तिचा आशय असाच होता की सामाजिक उपक्रम म्हणून जन्मलेले हे स्नानगृह त्या अर्थाने संपले. त्यांचा शब्द कठोर होता आणि हितसंबंधी म्हणून कोणी तो बाजूला सारेल. तरी भिंत आणि उपक्रम यांत त्यांनी केलेला भेद मला बरोबर वाटतो.

मार्च २०१५ मध्ये त्याच्या पुढचा बेत जाहीर झाला: थॉम मेन यांच्या मॉर्फोसिस या संस्थेने रचलेला ३८१ मीटर उंचीचा, आरशासारख्या आवरणाचा, १०७ खोल्यांचा हॉटेल मनोरा. न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंग छपरापर्यंत एवढीच भरते. दगडी छपरांची सक्ती असलेल्या गावात हा मनोरा उभा राहायचा होता. मनोऱ्याच्या आराखड्यासाठी घेतलेल्या स्पर्धेच्या परीक्षकांनी या निवडीशी आपला संबंध नाही असे सांगितले, जगभरच्या वृत्तपत्रांत खिल्ली उडाली, आणि गावाचे नाव पुन्हा एकदा सर्वतोमुखी झाले, जे कदाचित बेत आखणाऱ्यांनाही नकोसे नव्हते.

मनोरा झाला नाही. इथे सौंदर्यदृष्टीपेक्षा जमिनीच्या वापराचा नियम महत्त्वाचा ठरतो. स्वित्झर्लंडमध्ये कुठे काय व किती उंच बांधता येईल हे गावाचा वापर आराखडा ठरवतो, आणि त्यात बदल करायचा तर गावच्या मतदारांची संमती आणि वर कॅन्टनची मंजुरी लागते. म्हणजे मिळकत विकली तरी एक दोरी गावाच्या हातात राहिलीच होती. मालकाला खोल्या, दर आणि नाव बदलता आले. क्षितिज बदलण्यासाठी मात्र त्याला पुन्हा त्याच सभागृहात यावे लागले असते, जिथे २०१२ मध्ये हात वर झाले होते.

मुदतीचे करार गावांना नेहमी पसंत पडतात असेही नाही, आणि माझ्या मुद्द्याविरुद्ध जाणारे उदाहरण याच प्रदेशात आहे. व्हाल्स धरून १७ गावांच्या क्षेत्रात आदुला राष्ट्रीय उद्यान करण्याचा प्रस्ताव २०१६ च्या नोव्हेंबरात मतदानाला आला. बांधिलकी दहा वर्षांची होती, त्यानंतर पुन्हा विचार करता आला असता, संघराज्याचा पैसाही येणार होता. तरीही ८ गावांनी नकार दिला आणि प्रकल्प संपला. कुरण, शिकार आणि पायवाटांवर बाहेरच्या नियमांची सावली नको, हे त्यामागचे मुख्य कारण होते. म्हणजे मुदत किती यापेक्षा हातातून काय जाते याचा हिशेब लोक आधी करतात.

पुढची मुदत

दरम्यान साधे पर्यटन चालूच आहे. गावातून गोंडोला गादास्टाटला जाते आणि तिथून वर स्कीच्या उतारांवर जाता येते. उन्हाळ्यात वाल्झर मार्गाचे पदयात्री राइनवाल्डमधून व्हाल्सरबेर्ग उतरून इथे मुक्काम करतात आणि दुसऱ्या दिवशी २,४१२ मीटरच्या तोम्युल खिंडीने झाफिएनकडे जातात. म्हणजे सातशे वर्षांपूर्वीची स्थलांतराची वाट आता पाठीवर पिशवी घेतलेल्या निवृत्त जर्मन शिक्षकांची झाली आहे. लाइसच्या वाडीत झुमथोर यांनीच बांधलेली लाकडी घरे भाड्याने मिळतात.

गावासमोरचा पुढचा मोठा निर्णय पर्यटनाचा नाही. धरण १९५७ मध्ये पूर्ण झाले. ८० वर्षांची कमाल मुदत तिथून मोजली तर झेरव्हराइलाचा करार २०३७ च्या आसपास संपतो. त्या वेळी हक्क असलेल्या गावांना आणि कॅन्टनला धरण, बोगदे व टर्बाइन ताब्यात घेऊन वीज स्वतः विकायची, की कंपनीला नवी मुदत देऊन त्या बदल्यात एकरकमी मोबदला आणि वार्षिक आकार घ्यायचा, हे ठरवावे लागेल. रक्कम स्नानगृहाच्या किमतीपेक्षा कितीतरी मोठी असेल, आणि वीज दर, दुष्काळी हिवाळे व वितळणाऱ्या हिमनद्या यांचा अंदाज बांधत बसावे लागेल. १९५० च्या दशकातल्या ज्या व्हाल्सकरांनी वरची दरी पाण्याखाली जाऊ दिली, त्यांनी निदान हा प्रश्न पुन्हा विचारण्याचा हक्क आपल्या नातवंडांसाठी राखून ठेवला. स्नानगृहाबाबत तो हक्क आता गावाकडे नाही.